कवडूभाऊ, तू पाहिलेला समुद्रसाप

कवडूभाऊ, आधी गिरजाबाईचं नाव घेतो. लिहायला बसलोय तुझ्यावर आणि पहिलं नाव तुझ्या बायकोचं, याचा तुला राग येईल का? येऊ दे. अहेरीत आलो त्याच पावसाळ्यात मी हिवतापानं सागवानाच्या डेपोच्या छपरीत पडलो होतो. ठेकेदाराच्या माणसांनी माझ्यावर एक पोतं टाकलं आणि ती कामाला निघून गेली. मला घरी आणायचं तिनंच ठरवलं. तू दारात उभा राहून म्हणालास, "अवो, कोकनातला मानूस हाये. मेला तर कोनाले कळवाचं?" ती म्हणाली, "म्हनूनच आना त्याले. माह्या घरी मरू नाई देत मी." मग तिनं मला कडू काढा पाजला आणि तांदळाची पेज भरवली. पेज तोंडात गेल्याबरोबर मी रडलो. तुला वाटलं ताप डोक्यात गेला. पण पेज आमच्याही घरची रे. इतक्या लांब, या सागवानाच्या रानात, आईच्या हातचीच चव निघेल असं वाटलं नव्हतं.

ती नसती तर मी नसतो. म्हणून तिचं नाव आधी.

तू कशानं गेलास, किती सोसलंस, ते इथं लिहीत नाही. घाटावर होते त्यांना ते ठाऊक आहे. माणसं किती आली म्हणून सांगू! नदीपलीकडून डोंगे भरून आली, रानातल्या गावांतून गोंड मंडळी पायी आली, बाजारातला चहावाला दुकान उघडं टाकून आला. मी सगळ्यांच्या मागं उभा होतो. दुःख तर होतंच, पण दुःखाच्या आत दुसरंच काही टोचत होतं, आणि तुझ्याशी खोटं बोलून आता काय मिळणार? मला तुझा हेवा वाटत होता. मी इथं मेलो तर कोण येईल, हाच विचार मनात होता. मेलेल्या माणसाचा कोणी हेवा करतं का? मी केला. तशी सवयच लावली होतीस तू मला.

ही सवय लागली माझ्या सापामुळे. हो, माझ्याच. तो आधी माझा होता.

ताप उतरत होता तेव्हा तू उशाशी बसायचास आणि समुद्राचं विचारायचास. तू जन्मभर नदीवरचा माणूस, समुद्र कधी पाहिलेला नाहीस. मी तुला आमच्या गावच्या सापाची गोष्ट सांगितली. आमच्या खाडीच्या तोंडाशी, खडकाच्या पलीकडं, तो दिसला होता. पाठीवर उंचवट्यांची रांग, मान पाण्याबाहेर. माझ्या बापानं पाहिला, थोरल्या भावानं पाहिला, किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बायकांनी पाहिला. अख्ख्या गावानं पाहिला, आणि मी त्या वेळी शाळेत पाढे म्हणत होतो. मास्तरांनी आरडाओरडा ऐकून खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही. रोज जाऊन खडकावर बसायचो. बापानं मारलं, आईनं समजावलं, पण मी चौथीतून सुटलो तो सुटलोच. आणि साप काही पुन्हा आला नाही.

तू हसला नाहीस. एवढंच म्हणालास, "बाप्पा, म्हंजे ज्याच्यासाठी शाळा सोडली तो बी नाई आला?"

मला वाटलं, एक माणूस मिळाला ज्याला माझं दुखणं कळलं.

पुढच्या बाजारी मी काठी टेकत चहाच्या दुकानाशी आलो तर तिथं गर्दी, आणि गर्दीच्या मधोमध तू. माझा साप सांगत होतास! माझा बाप होडीत उभा, हातात जाळं, साप होडीखालून जातो, होडी वर उचलली जाते. मी म्हणालो, "अहो, जाळं नव्हतं. बाप किनाऱ्यावर होता." तर शेजारचा पानवाला मला म्हणतो, "तू चूप बस रे. कवडूले सांगू दे." ज्याच्या बापानं पाहिला त्यालाच गप्प बसवलं! आणि खरं सांगू? मीही गप्प बसून ऐकलं. तू सांगताना हात असा फिरवलास की माझ्या पायाखालची जमीन हलली. मी सांगितलं असतं तर बिडी पेटवून लोक उठून गेले असते. तू ज्याला समुद्र म्हणायचास तो प्राणहितेच्या पुरासारखा होता, लाल आणि गढूळ, आणि तरी लोकांना तो दिसत होता.

आधी तू मला 'समुंदर' म्हणून हाक मारायचास. त्या बाजारानंतर लोक तुलाच 'समुंदरवाला कवडू' म्हणायला लागले. मी नुसता 'कोकनी' झालो.

एका गोष्टीवर मात्र तू माझं कधी ऐकलं नाहीस. भरती-ओहोटी.

"पानी जाते, आन मंग वापस येते?"

"येतं. रोज."

"कोन आनते त्याले?"

"कोणी नाही आणत. आपोआप येतं."

"तुह्या समुंदरले घरची आठोन येते का बे?" आणि तू मांडी थोपटून हसलास. गिरजाबाई चुलीपासून म्हणाली, "येत असन. मानसाले येते, पान्याले काऊन नाई येनार?" तू मान हलवलीस. "पानी एकदा गेलं का गेलं. नदीवर जिंदगी गेली माही. वापस येताना नाई पाह्यलं."

हा वाद आपण डेपोत घातला, घाटावर घातला, तुझ्या ओसरीवर घातला. प्रत्येक वेळी तूच जिंकलास, कारण हसणारे सगळे तुझे होते. कोकणच्या किनाऱ्यावर जन्मलो मी आणि समुद्रावरून हरत होतो, तेही अहेरीत!

मला इथं आणलं होतं गाठींसाठी. ओलं सागवान पाण्यावर तरत नाही, म्हणून मध्ये बांबूच्या मोळ्या घालून तराफा बांधायचा आणि असे तराफे एकामागे एक जोडून त्यांची माळ नदीत सोडायची, हे तुम्हाला पिढ्यान्‌पिढ्या येत होतं. पण रानवेलीचे सांधे खालच्या खडकांत तुटायचे. मी काथ्याचा दोर घेऊन आलो आणि बापानं शिकवलेली गाठ मारू लागलो. ती ताण पडला की आवळते आणि वळणावर सैल होते. माळ मग अशी वळायची की तू पहिल्यांदा पाहून म्हणालास, "लेका, हे तर चालून राह्यलं!" तेवढं एकदा तू माझं कौतुक केलंस. मी ते अजून जपून ठेवलंय.

पण गाठी मारणारा माणूस घाटावरच राहतो. माळ सुटली की माझा जीव टांगणीला लागायचा. जेवण जायचं नाही. पहिलं वळण टिकलं असेल का, खडक लागले असतील का. तू परत येऊन "काई नाई झालं" म्हणेपर्यंत माझं हेच.

आणि मग ते वर्ष आलं. ठेकेदारानं सांगितलं, या खेपेला माल मधल्या शहरात उतरवायचा नाही, गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या बंदरापर्यंत न्यायचा. मी धावत त्याच्याकडं गेलो. म्हटलं, "मला पाठवा. समुद्र माझ्या ओळखीचा आहे." तो म्हणाला, "तू गेलास तर पुढचे तराफे कोण बांधेल? कवडू जाईल." झालं. समुद्राला जाणारी माळ माझ्या हातांनी बांधायची आणि तुला त्यावर बसवून द्यायचं! मी प्रत्येक गाठ दोनदा आवळली. रागानं आवळली की काळजीनं, ते मला आजही सांगता येणार नाही.

तुमच्या घरची रीत होती. पहिल्या तराफ्याच्या तोंडाशी दोन बांबू उभे करायचे आणि त्यांच्यामध्ये घरातला पिण्याच्या पाण्याचा तांब्या, तुमचा गडवा, टांगायचा. घरधनी परत येईपर्यंत तो खाली ठेवायचा नाही. गिरजाबाईनं पितळेचा गडवा चिंचेनं घासून आणला आणि स्वतः बांधला. तू उंच उभा राहून हात हलवलास. वळणाशी माळ वळली तेव्हा तो गडवा उन्हात एकदा लखकन चमकला आणि मग तुम्ही दिसेनासे झालात. गिरजाबाई मला म्हणाली, "भाऊ, तुमचं तोंड काऊन उतरलं? जानारा तर माहा नवरा हाये." मला तुझी काळजी होती आणि तू बुडावास इतका रागही होता.

तू परत आलास काळाठिक्कर होऊन, गडवा हातात धरून. आणि बाजारात उभा राहून म्हणालास, "पाह्यला मी. साप पाह्यला."

कवडूभाऊ, ते वाक्य मी विसरत नाही. मी माझी शाळा टाकली त्याच्यासाठी. पावसाळे सोडले तर रोज खडकावर बसलो. आणि तू, समुद्र म्हणजे काय ते न कळणारा माणूस, एकदाच गेलास आणि पाहून आलास!

तू सांगितलंस, तो इथून मोहाच्या झाडापर्यंत लांब होता. पाठीवर उंचवटेच उंचवटे, लाटेबरोबर वर-खाली होणारे. डोक्यावर दोन शिंगं. आणि डोळा एकच, सोन्यासारखा, उन्हात असा चमके की किनाऱ्यावरचे कोळी जाळी टाकून "पेद्दा पामु! पेद्दा पामु!" ओरडत पळाले. तेलुगूत मोठा साप, हे इथं पोराबाळांनाही कळतं. लोकांनी तोंडात बोटं घातली. मी पुढं झालो आणि विचारलं, "तोंड कसं होतं? दात होते का? कुठल्या दिशेनं गेला?"

आणि तू थांबलास. माझ्याकडं पाहिलंस, चहाचा पेला उचललास आणि म्हणालास, "तुले काय सांगू? तू तर समुंदरचाच."

नंतर मी पाहत आलो. गोष्ट रंगात आलेली असली आणि मी आलो की तू विषय बदलायचास. मी ठरवून टाकलं, हा खोटं बोलतोय आणि माझ्यासमोर याची जीभ वळत नाही. मला त्यानं बरंही वाटायचं. खोटा असेल तर हेवा कशाला? पण रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही. खरा असेल तर?

मग अहेरीसकट चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला. पेढे वाटणारे वाटत होते, कपाळाला हात लावणारे लावत होते, आणि तू डेपोत येऊन माझ्या पाठीवर थाप मारलीस. "कोकनी, आता तू आन मी एकाच राज्याचे. तुहा समुंदर बी आमचा झाला!" सगळे हसले. मीही हसलो असतो. पण मनात आलं, साप घेतलास, नाव घेतलंस, आता समुद्रही घे.

तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, तेव्हा मी उशाशी बसलो, जसा तू एकदा माझ्या बसला होतास. तुला पाणी जात नव्हतं. मी तुझा हात धरून विचारलं. दुखण्यातल्या माणसाला असं विचारू नये, पण दुसरी वेळ मिळेल याची खात्री नव्हती. "भाऊ, खरं सांग. पाहिला होतास?"

तू म्हणालास, "माह्याएवढा जवळून कोनीच नाई पाह्यला."

"मग मला का नाही सांगत?"

तू डोळे मिटलेस आणि हसलास. कसं हसलास! हातात पत्ता असून न टाकणाऱ्या माणसासारखं. मी चिडून उठलो आणि अंगणात जाऊन बसलो. पुन्हा आत आलो तर तू झोपला होतास. आपलं शेवटचं बोलणं ते.

काल दुपारी तुझ्या अंगणात गिरजाबाई वाळत घातलेली मोहाची फुलं उलथीत होती. मी गेलो तशी तिनं पाणी आणून दिलं. त्याच गडव्यातून. मी प्यायलो नाही, हातात धरून नुसता बसलो. ती म्हणाली, "पेवा ना. का डोळा हाये म्हनून भेव वाटते?"

मला काही कळलं नाही. मग तिनं सांगितलं, आणि सांगताना उलथणं थांबवलं नाही.

तुम्ही गोदावरीच्या तोंडाशी पोचलात आणि नदीवर बांधता तशी माळ काठाच्या खुंटाला बांधलीत. पाणी काठोकाठ होतं. बाकीचे स्वयंपाकासाठी वर गेले, तू एकटा तराफ्यावर राहिलास. आणि पाणी निघालं. नदीवरच्या माणसाला ते कळणार कसं? खुंट उखडला आणि अख्खी माळ तुला घेऊन समुद्रात गेली. काठ लहान लहान होत गेला. तू उडी मारायच्या बेतात होतास. पोहणारा तू, पण त्या ओढीत कोण टिकलं असतं!

"मंग त्याईले तुमी आठवले," गिरजाबाई म्हणाली. "म्हने, कोकनी सांगत होता, पानी वापस येते. आपन हसलो त्याले. आता त्याचं खरं असलं तर वाचलो. म्हनून बसून राह्यले. दुपार कलली तशी माळ किनाऱ्याकडे येऊन राह्यली. आन किनाऱ्यावरचे लोक सापाच्या नावानं ओरडत पळाले."

मी गडव्याकडं पाहिलं. दोन बांबू. मध्ये घासलेलं पितळ.

"एकबी गाठ सुटली नाई म्हने," ती म्हणाली. "सुटली असती तर लाकडं पांगली असती, आन हे बी."

"मग मला का नाही सांगितलं त्यानं? सगळ्या बाजाराला सांगितलं, मला एकट्याला नाही!"

ती पहिल्यांदा थांबली. "म्या बी इचारलं. तर म्हने, त्या लेकरानं सापापायी शाळा सोडली. त्याच्या बापानं पाह्यला तोबी लाकडाचाच असन, असं त्याले वाटलं तर? त्याचा साप त्याच्यापाशी राहू दे. मले शपथ घातली होती. आता तुमी असे रुसून बसता, मंग काय करू?"

आमच्या खाडीत सागवान वाहून येत नाही, कवडूभाऊ. असे तराफे तिकडं कोणी बांधत नाही. बापानं पाहिला तो काय होता, मला ठाऊक नाही, आणि तुलाही नव्हतं. ते तू तसंच ठेवलंस. समुद्रावरून आल्यावर बाजारात तू एक शब्द खोटा सांगितला नव्हतास. कुठून पाहिलास, एवढंच गाळलंस.

याबद्दल मी तुझ्या पाया पडायला हवं, आणि आता पाय नाहीत. पण ऐक, हेवा काही गेला नाही. उलट वाढला. मला वाटत होतं तू साप पाहिलास. तू तर त्याच्या पाठीवर बसून आलास! माझ्या बापालाही ते जमलं नाही. आणि तो साप बांधला कोणी? मी. त्याचा प्रत्येक सांधा माझ्या या दोन हातांचा, त्याचा डोळा गिरजाबाईनं चिंचेनं घासलेला. माझा साप एकदाच समुद्रात गेला, आणि त्याही दिवशी मी घाटावर, पुढच्या तराफ्याला गाठी मारत होतो. शाळेत होतो तसाच. हे तुला सांगून तुझ्याशी कडाकडा भांडायचं होतं. तू मांडी थोपटून हसला असतास. मीही हसलो असतो बहुतेक.

आणि पाणी परत येतं, हे तू माझ्या तोंडावर एकदा तरी कबूल करायला हवं होतंस. मी जिंकलो होतो रे! ते फक्त तुला आणि तुझ्या बायकोला ठाऊक होतं.

मी ते पाणी प्यायलो. गडवा परत दिला तेव्हा गिरजाबाईनं हळूच विचारलं, "भाऊ, खरंच येते का वापस? का बुडता बुडता त्याईले तसं वाटलं?"

तिला आपण दोघांनी सांगून झालं, तरी तिचा विश्वास बसलेला नाही. तू तिला कबूल केलं होतंस म्हणे, एकदा समुंदर दाखवीन. ते माझ्याकडं आलं आता. हा जीव तिच्या पेजेवर वाचला आहे, आणि तुझ्या मनातलं मला तिच्याकडूनच कळलं. तिचे उपकार मी असे फेडीन: एक दिवस तिला आमच्या गावी नेईन, ओहोटीच्या वेळी त्याच खडकावर बसवीन, आणि पाणी परत येऊन तिच्या पायाला लागेपर्यंत शेजारी बसून राहीन. तिला गडवा बरोबर घ्यायला सांगितलं आहे. आणि त्या वेळी खाडीच्या तोंडाशी काही वर आलंच, मान काढून, तर आधी तिनं पाहावं. मी मध्ये बोलणार नाही. पोटात दुखेल माझ्या, ते तुला ठाऊकच आहे, पण पाहू दे तिला आधी.